रिकामी करून दाखवलेली पेटी

आमच्या गल्लीत कुणाचा फ्रीज बिघडला की अजूनही मला बोलावणं येतं. डोळ्यांना कमी दिसतं, हात थरथरतात, पण मी जवळ राहतो आणि लगेच येतो, म्हणून लोक बोलावतात. गेल्यावर माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आहे तसाच उघडा. आतलं काही काढू नका."

हे बायकांना आवडत नाही. आत कालची भाजी असते, उघडं दूध असतं, वाळलेली कोथिंबीर असते. पाहुण्यासमोर घर आवरावं तसा त्यांना फ्रीज आवरायचा असतो. एका सुनेनं सासूच्या कानात सांगितलेलं मी ऐकलं, "दुरुस्त करायला आलाय का आपण काय खातो ते बघायला?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. संशय घेण्यावरच माझं आयुष्य गेलंय, तो माझ्यावर कुणी घेतला तर तक्रार कुठल्या तोंडानं करू?

मी धनगराच्या घरचा. थोरले भाऊ मेंढरांमागे गेले आणि मी जालन्याला स्टेशनजवळच्या एका दिव्यांच्या दुकानात लागलो. कंदील, स्टोव्ह, गॅसबत्त्या दुरुस्त करायचो. निजामी अमलाची शेवटची वर्षं होती. आमच्या मालकांनी तेव्हा रॉकेलवर चालणाऱ्या थंड पेट्या मागवायला सुरुवात केली. खेड्यात वीज कुठली, जालन्यातही ती मोजक्या ठिकाणी होती. पेटी विकली की मागोमाग मला जावं लागायचं.

ती पेटी चालायची कशी, ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. खाली रॉकेलची टाकी आणि एक वात. मागे बंद नळ्या, त्यांत पाण्यात मुरवलेला अमोनिया वायू. वातीची आच लागली की वायू पाण्यातून सुटतो, वर जाऊन निवतो, मग आत वरच्या बाजूला असलेल्या बर्फाच्या खणाभोवती फिरताना आतली उष्णता ओढून घेतो आणि परत पाण्यात मुरतो. ना मोटर, ना आवाज. ज्योत निळी पाहिजे, पिवळी झाली की काजळी धरते. पेटी अगदी समपातळीत पाहिजे, जरा कलली की वायूची वाट चुकते. मी पेटीवर पाण्यानं भरलेली थाळी ठेवायचो. पाणी चारी बाजूंना सारखं दिसलं की पेटी सरळ.

लोकांना मात्र ही सगळी बनवाबनवी वाटायची. विस्तवानं बर्फ होतो यावर कोण विश्वास ठेवणार? एका गावात तर पेटी पेटवून मी निघालो आणि पाटलानं बर्फ दिसेपर्यंत मला चावडीवर बसवून ठेवलं. नाक्यावरचे शिपाई माझी हत्यारांची पेटी उपसून प्रत्येक नळीतून आरपार बघायचे. जुन्या जालन्यातले एक कापडवाले शेटजी होते, त्यांना जावयाचा संशय. पेटीतला मावा जावई खातो, अशी त्यांची खात्री. त्यांनी पेटीला साखळी गुंडाळली, वर जाजम टाकलं आणि घटकेघटकेला ते दार उघडून आत बघायचे. मग तक्रार काय, तर पेटी गार होत नाही. मी म्हटलं, "शेटजी, दार बंद ठेवलं की होईल गार." ते म्हणाले, "बंद दारामागं काय चालू हाय ते मंग मला कसं मालूम होणार?"

या धंद्यात मी एक शिकलो. "आम्ही काही हात लावला नाही" असं जो न विचारता सांगतो, त्यानं हात लावलेला असतो. त्यामुळे कुठल्याही घरी गेलो की आधी माणसं बघायचो आणि मग वात. बहुतेक वेळा हा हिशेब बरोबर निघायचा. परतूरजवळच्या आष्टीच्या अलीकडे एका गावातल्या बापूसाहेबांच्या घरी मात्र तो निघाला नाही.

बापूसाहेब म्हणजे जमीनजुमला राखून असलेला माणूस. पहिली बायको वारली तेव्हा त्यांचा मुलगा दत्ता लहान होता. बापूसाहेबांची थोरली बहीण विधवा होऊन माहेरीच राहिलेली. तिनं त्याला वाढवलं. सगळं गाव तिला आत्याबाई म्हणायचं. गळ्यात तुळशीची माळ, मटणाचा वाससुद्धा सोसायचा नाही. घरात कधी मटण झालं तर ते मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात. पुढे बापूसाहेबांनी दुसरं लग्न केलं. ही बाई आष्टीची, नाव सगुणाबाई. तिला कडेवरचा एक मुलगा होता.

दत्ताला ऐन पोरवयात मधुमेह झाला. जालन्याच्या डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई सुरू केली आणि सांगितलं, औषध गार राहिलं पाहिजे. त्या एका बाटलीसाठी बापूसाहेबांनी थंड पेटी घेतली. सुई उकळायची, औषध भरायचं, टोचायची, हे सगळं डॉक्टरांनी सगुणाबाईंना शिकवलं. आत्याबाईंना ते बघवत नसे. पेटीच्या कुलपाची चावी मात्र आत्याबाईंच्या कमरेला. सुईच्या वेळी त्या कुलूप काढून द्यायच्या आणि परत लावायच्या.

सुरुवातीला पोरगा सुधारला. अंगावर मांस आलं, शाळेत जाऊ लागला. मग पेटीचं बिनसलं आणि मला निरोप आला. तक्रार अशी की वरच्या कप्प्यात बर्फ धरतो आणि खालच्या कप्प्यात दही आंबतं.

मी परतूरला आगगाडीतून उतरलो आणि बैलगाडीनं गावात पोचलो. मला ओसरीवर बसवलं. आत भांड्यांची बरीच आदळआपट ऐकू आली. मग हाक आली. जाऊन बघतो तर पेटी धुऊनपुसून लख्ख, आत एक वाटीसुद्धा नाही. आत्याबाई दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "मिस्त्री, राग मानू नका. तुमी खाणारं-पिणारं माणूस. दुधाला हात लागाया नको म्हून समदं काढून ठिवलं."

मी कसला राग मानतोय. पेटी रिकामी मिळाली की आम्हाला कामाला बरंच. थाळी ठेवली, पातळी बरोबर. वात कापली, काजळी काढली, ज्योत बेताची ठेवली. दोन्ही कप्प्यांत पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि मुक्काम केला. सकाळी वाट्या सारख्या गार.

माझा संशय गेला गेनूवर. गेनू म्हणजे रॉकेल भरणारा गडी. ज्योत तो वाढवत असणार, नाहीतर रॉकेल ढापत असणार. मी त्याला धरलं. तो म्हणाला, "मी मनानं न्हाई वाढवत, मिस्त्री. आत्याबाई म्हणत्यात, खाली बिलकुल गार न्हाई, ज्योत वाढीव. मंग वाढीवतो." मला ही सारवासारव वाटली. ज्योतीला हात लावायचा नाही, असा त्याला दम देऊन मी जालन्याला परत आलो.

काही दिवसांनी पुन्हा निरोप, या वेळी तातडीचा. दत्ताची तहान भागत नव्हती, सारखा लघवीला उठत होता, पोरगं वाळून काटकी झालं होतं. बापूसाहेब त्याला जालन्याला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, सुई रोज मिळत असेल तर औषधात दम राहिलेला नाही, एक तर ते बिघडलंय नाहीतर बदललंय. त्यांनी नवी बाटली दिली. डॉक्टर सरळ मनानं बोलले असतील. पण घरी पोचेपर्यंत "बिघडलंय" हा शब्द वाटेतच सांडला आणि "बदललंय" तेवढा शिल्लक राहिला.

बदललं कुणी? बाटली हातात कुणाच्या असते? पोरगा गेला तर जमीन कुणाच्या पोराला जाते? हे प्रश्न आत्याबाईंनी विचारले आणि बापूसाहेबांनी बायकोला माहेरी धाडायचं ठरवलं.

मी पोचलो तेव्हा दारात बैल जुंपलेले होते. गाडीत सगुणाबाईंची ट्रंक ठेवलेली. मला ओसरीवर बसवलं, आत आदळआपट झाली, मग पेटी दाखवली. रिकामी आणि लख्ख. बापूसाहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"मिस्त्री, दुरुस्ती बिरुस्ती ऱ्हाऊ द्या. पेटी बराबर हाय का न्हाई, तेवढं सांगा. पेटी बराबर असंल तर मंग माणूसच हाय."

मी थाळी ठेवली. वात बघितली. नळ्यांवरून हात फिरवला. पेटीत काही म्हणता काही दोष नव्हता. खरं सांगायचं तर माझ्याही मनात सावत्र आईबद्दल तेच आलं होतं. "पेटी बरोबर आहे" हे शब्द माझ्या ओठांवर होते. तेवढ्यात माजघराच्या दारातून आवाज आला.

"मिस्त्री, तुमी दोन्ही खेपंला रिकामी पेटी बघितली."

सगुणाबाई कडेवर मूल घेऊन उभ्या होत्या. नवऱ्याशी त्या चारचौघांत थेट बोलत नसत. बोलायचं माझ्याशी आणि ऐकवायचं त्यांना.

"आमच्या इथं पेटी रिकामी कधीच नसती. भरलेली आसंल तवा बघा. मला खालच्या कप्प्याला हात लावायची परवानगी न्हाई, तिथं काय हाय नि काय न्हाई ते मला म्हाईत न्हाई. पर रिकाम्या पेटीवरून मला गाडीत बसवू नका."

बापूसाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला रात्र जाईल का?"

"जाईल," मी म्हटलं. "ही पेटी सावकाश चालते."

सगुणाबाईंनी मूल दुसऱ्या कडेला घेतलं. "मंग बघा रातभर. मी आष्टीला हाय. खोटी ठरले तर यायचीच न्हाई. खरी ठरले तरी माझी मी येनार न्हाई." त्या आत गेल्या, दत्ताच्या अंथरुणापाशी थोडा वेळ बसल्या, आणि येऊन गाडीत बसल्या. माझ्या मते तेव्हा बापूसाहेबांनी त्यांना थांबवायला हवं होतं.

नवी बाटली मी पेटीत ठेवू दिली नाही. ती ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या माठाशी ठेवायला लावली. त्या दिवसाची सुई द्यायला आष्टीहून कंपाउंडरला बोलावणं धाडलं. मग मी आत्याबाईंना म्हटलं, "रोज ठेवता तसंच सगळं ठेवा. मी काही शिवत नाही, उंबऱ्यावर बसतो."

त्यांनी ठेवायला सुरुवात केली. खालच्या कप्प्यात दुधाचं पातेलं, दही, लोणी. आणि मग भिंतीशी टेकवून ठेवलेली एक सागवानी फळी त्यांनी उचलली. धुतल्या फडक्यात गुंडाळलेली. वरच्या कप्प्याच्या तारांवर ती अशी बसली की चारी बाजूंना बोटभरही फट नाही. गावच्या सुतारानं माप घेऊन केलेली. तिच्यावर त्यांनी औषधाची जुनी बाटली ठेवली, बर्फाच्या खणाला अगदी लागून.

मी विचारलं, "ही फळी कशाला, आत्याबाई?"

"मधी आडोसा नको का? वर जनावराचं औषध, खाली देवाच्या निवदाचं दूध. ते औषध जनावराच्या पोटातल्या अवयवापासून करतेत, कंपाउंडरच बोलला. लेकरासाठी घरात घेतलं, बाकी मी शिवले बी नसते. पर त्याचं वारं दुधाला लागू देऊ का?"

"कधीपासून ठेवता?"

"तो बोलला तवापासून."

पेटीतला कप्पा तारांचा असतो तो उगीच नाही. बर्फाच्या खणाजवळची गार हवा जड असते, ती तारांमधून खाली उतरते आणि खालची ऊबदार हवा वर येते. त्यानंच पेटी सगळीकडे सारखी गार राहते. मध्ये फळी टाकली की गारवा वर कोंडला आणि खालचा कप्पा नुसतं कपाट झाला. खाली गार नाही म्हणून ज्योत वाढवायची, की वर आणखी बर्फ. इन्सुलिन गार लागतं, पण गोठलं की मेलं. ते मेलेलं औषध सगुणाबाईंनी रोज नेमानं, मापानं टोचलं होतं.

आणि मी यायच्या आधी दर वेळी ती फळी दुधाबरोबर बाहेर जात होती.

मी हे सगळं सांगितलं. आत्याबाईंचा विश्वास बसला नाही. त्या म्हणाल्या, "आष्टीवाल्यांनी तुमाला शिकवून धाडलं न्हाई कशावरून?" त्यांच्या जागी मी असतो तरी हेच विचारलं असतं. म्हणून मी वाद घातला नाही. माझ्या दमानंतरही आत्याबाईंच्या सांगण्यावरून गेनू ज्योत वाढवतच होता; त्याला बोलावून ती नेहमीसारखी वाढवायला लावली, वर एक आणि खाली एक अशा पाण्याच्या वाट्या त्यांच्याच हातांनी ठेवून घेतल्या आणि म्हटलं, "कुलूप लावा. चावी तुमच्यापाशी. मी ओसरीवर झोपतो, मधल्या दाराला कडी घाला."

सकाळी त्यांनीच कुलूप काढलं. वरची वाटी दगड झाली होती. खालच्या वाटीत त्यांनी बोट घातलं, पाणी जराही गार नव्हतं. मग औषधाची बाटली उचलून उजेडात धरली. आतलं औषध पांढरं, कडक.

"रोज आसंच व्हत आसंल?" त्यांनी विचारलं.

"रोज. दुधादह्यासाठी चारदा दार उघडलं की सुईच्या वेळेपर्यंत वितळत असेल, रात्री परत गोठत असेल."

त्यांनी फळी काढली. तिच्यावरचं फडकं सोडून घडी घातलं. फळी घेऊन मागच्या अंगणात गेल्या आणि तिथल्या वेगळ्या चुलीत, मटणाच्या चुलीत, ती घातली. परत येऊन त्यांनी गेनूला सांगितलं, "गाडी जुंप. आष्टीला जायचंय." मग माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, तुमी बी चला. माझ्या तोंडचं तिला खरं वाटायचं न्हाई."

बापूसाहेबही निघाले होते. त्यांना त्या म्हणाल्या, "तू लेकरापाशी बस. ही घाण माझी हाय."

गाडीत मी पुढे गेनूजवळ आणि त्या मागे. बराच रस्ता गेल्यावर त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा आल्ता तवाच का न्हाई दिसलं तुमाला?"

"तेव्हा फळी नव्हती, आत्याबाई. तुम्ही काढून ठेवली होती."

"तुमचा हात लागू नये म्हून."

"हो."

पुढे आष्टी येईपर्यंत त्या डोळ्याला पदर लावत होत्या का, ते मी वळून बघितलं नाही.

सगुणाबाईंची आई दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. "आता काय ऱ्हायलं न्यायचं?" एवढंच विचारलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: फळी, बर्फ, वाट्या. सगुणाबाई आतल्या दाराआडून ऐकत होत्या. माझं झाल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "मी तुझ्यावर आळ घेतला. लेकराचं औषध मीच मारलं. आता तू चल. त्याला सुई तुझ्याच हातची पायजे, दुसऱ्यानं टोचली की रडतोय."

आत्याबाई मग त्या आईला म्हणाल्या, "विहीणबाई, पोरीची ओटी भरा आन मला माझ्या घरची सून द्या."

सगुणाबाई बाहेर आल्या. "ओटी आईनं कशाला? जिनं घालवलं तिनंच भरावी."

आत्याबाईंचा चेहरा पडला. ओटी सवाष्ण भरते. विधवेच्या हातानं भरलेली ओटी म्हणजे अपशकुन, असं आमच्याकडे लोक धरून चालत. इतकी वर्षं बापूसाहेबांच्या घरात कुणाचीही ओटी भरताना आत्याबाई आपणहून दुसऱ्या खोलीत जाऊन बसत असणार. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझा हात चालत न्हाई गं."

"मला चालतो," सगुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर पसरला.

आईनं सुपात तांदूळ आणले, नारळ आणला. लेकीला कुंकू तिनं लावलं. आत्याबाई ओंजळीनं तांदूळ घालू लागल्या, निम्मे जमिनीवर सांडले. नारळ ठेवला. मग त्यांनी कमरेची पेटीची चावी सोडली आणि तीही त्या तांदळांत ठेवली.

सगुणाबाईंनी पदराला गाठ मारली आणि विचारलं, "दत्तानं सकाळी काय खाल्लं?"